कवितेत मिक्सर: मुंबईतल्या लाइव्ह गाण्या-कवितांच्या रात्रींचा रिव्ह्यू

एक मुलगी आजीवर कविता वाचत होती. आजीची साडी, ट्रंकेतला डांबरगोळ्यांचा वास, सगळं छान जमत आलं होतं आणि शेवटच्या कडव्याआधी ती थांबली, म्हणजे वाचणारे घेतात ना तसा एक लांब श्वास घेतला, आणि नेमका तेव्हाच काउंटरमागे मिक्सर सुरू झाला. घर्रर्रर्र. कुणाची तरी कोल्ड कॉफी. बिचारी माइकसमोर तशीच उभी, आम्ही तीस-चाळीस लोक आपापल्या ग्लासात बघतोय, मिक्सर थांबला, परत एकदा घर्र झाला (बर्फ राहिला असणार) आणि मग तिने ते कडवं वाचलं, पण तोपर्यंत आजी केव्हाच निघून गेली होती.

कॅफेचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या पोरांची काही चूक नाही, ऑर्डर आली की त्यांना कॉफी करावीच लागते, आणि खरं सांगायचं तर मुंबईत अशा जागा ढीगभर आहेत. गेलं वर्षभर मी महिन्यातून दोनदा तरी असल्या कुठल्यातरी रात्रीला जातोय, ओपन माइक, गझल नाइट, बारमधले बँड, नाट्यगृहातली काव्यवाचनं, कुणाच्या तरी घरातल्या बैठकी, जे सापडेल ते. आता नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा सीझन तोंडावर आलाय, इन्स्टावर रोज नवीन पोस्टर दिसतंय आणि मित्र विचारतात की कुठे जाऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो, कलाकाराचं नाव नंतर बघा, आधी खोली कसली आहे ते बघा. गाणं वाईट खोलीतही कसंबसं तगतं. कविता नाही तगत.

कॅफेतल्या ओपन माइकपासून सुरू करू कारण सगळ्यात जास्त तेच असतात. साधारण वीस-बावीस नावं, प्रत्येकाला चार-पाच मिनिटं, हिंदी जास्त, मग इंग्लिश, मराठीतला एखादा. आणि एक गोष्ट बाहेरच्या लोकांना माहीत नसते, बऱ्याच ठिकाणी वाचणाऱ्याकडूनच पैसे घेतात, दोनशे-तीनशे रुपये स्लॉटचे, वर व्हिडिओ पाहिजे असेल तर त्याचे वेगळे. म्हणजे कवीच गिऱ्हाईक. मग होतं काय की आलेल्या चाळीसातले वीस जण वाचायला आलेले असतात, दहा त्यांचे मित्र, आणि प्रत्येकाचं स्वतःचं वाचून झालं की त्याचं टेबल हळूच उठतं, मित्रांसकट. अकराव्या नंबरनंतर खुर्च्या रिकाम्या व्हायला लागतात आणि विसाव्या नंबरवाला भिंतीला कविता ऐकवतो. एका आयोजकाला मी एकदा विचारलं की अहो निदान शेवटपर्यंत बसा असा नियम तरी करा, तर तो हसून म्हणाला, सर, लोकल असते ना लोकांना. आता यावर काय बोलणार.

एकदा बाबांना घेऊन गेलो होतो. बाबा एकाहत्तर वर्षांचे, विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर असे तिघं मिळून गावोगाव कविता वाचायचे त्या काळातले श्रोते. तिकीट काढून लोक कविता ऐकायला यायचे आणि हॉल भरायचे, हे आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की मला ते कार्यक्रम न बघता पाठ आहेत. तर बाबा त्या कॅफेतल्या उंच स्टुलावर, पाय लोंबकळतायत, समोर दोनशे ऐंशी रुपयांचा चहा (त्याच्यावर वेगळा अर्धा तास बोलले), आणि पहिल्या तीन कविता ऐकून माझ्या कानात म्हणाले, "ही सगळी मोबाइलमध्ये काय बघतायत? स्वतःची कविता ना?" मी म्हटलं बाबा, हल्ली असंच असतं. ते म्हणाले, "असू दे, पण वर बघ म्हणावं अधूनमधून, आम्ही इथे बसलोय." आणि खरंच आहे हो. मोबाइलच्या स्क्रीनचा उजेड खालून चेहऱ्यावर पडतो, मान खाली, तोंड माइकपासून लांब, त्यामुळे निम्मे शब्द छातीतच राहतात. पण मग एक मुलगा आला, पंचविशीतला, मराठीत वाचलं, काहीतरी वडिलांच्या बंद पडलेल्या गिरणीबद्दल, माइक बाजूला करून पाठ म्हणाला सगळं, आणि बाबा स्टुलावरून उतरून उभेच राहिले. घरी येताना रिक्षात म्हणाले, "तो पोरगा चांगला होता, त्याला नीट जागा मिळायला पाहिजे." मी वर खोलीबद्दल जे म्हटलं ते बाबांनी त्या रिक्षात माझ्याआधीच म्हणून टाकलं होतं.

कॅफे ओपन माइकला पाचपैकी दोन. जायचंच तर पहिल्या तासात जा आणि काउंटरपासून लांब बसा.

आता बार आणि क्लबमधले बँड. इथे पोस्टरवर आठ लिहिलं असेल तर साडेनऊ समजायचं. कव्हर चार्ज असतो, तो रिडीमेबल आहे का ते फोन करून विचारून घ्या, म्हणजे ते पैसे खाण्यापिण्यात वळते होतात की नुसतेच जातात, कारण काही ठिकाणी दारावरचा माणूस हो म्हणतो आणि बिलात नाही असतं. मला एकदा असा आठशेचा फटका बसलाय. बाकी आवाज मोठा असतो, बास छातीत धडधडतो, ड्रम्सच्या शेजारी बसलात तर दुसऱ्या दिवशीपर्यंत कानात शिटी वाजते, पण मजा येते, खोटं कशाला बोलू. गाण्याला एक सोय आहे ना, ठेका अंगात शिरतो, शब्द नाही कळले तरी मान हलते. बार भरलेला असेल, लोक गप्पा मारत असतील, मागच्या टेबलावर कुणाचा तरी बर्थडे असेल, तरी बँड चालून जातो. फक्त स्वतःची गाणी लिहिणाऱ्या मुलांचं मला वाईट वाटतं, दोन महिने शब्दांवर घासलेलं असतं आणि तिसऱ्या गाण्याला मागून कुणीतरी ओरडतं, भाई कुछ सुनने वाला बजाओ.

तसं या शहराला हे काही नवीन नाही. ताजच्या बॉलरूममध्ये १९३० च्या दशकात जॅझ बँड वाजायचे, आणि १९७८ पासून धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्यावर, जॅझ यात्रा व्हायची, जगभरातले वादक येऊन वाजवून गेलेत तिथे. आजूबाजूला हॉस्पिटलं आणि कॉलेज, त्यामुळे सायलेन्स झोन, आणि रंगभवनातलं गाणं बंद पडलं. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमधला नियम आहे, सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, बाकी दहा म्हणजे दहा. ज्यांच्या खिडकीखाली मांडव पडतो त्यांना विचारा, नियम बरोबरच आहे. पण त्यामुळे उघड्यावरचा कार्यक्रम म्हटला की सहाला पोचा, साडेनऊला येऊन शेवटचं दीड गाणं ऐकायचं आणि आयोजकांच्या नावाने बोटं मोडायची यात अर्थ नाही. मी मोडलेली आहेत.

गझल नाइटचं वेगळंच प्रकरण. एका हॉटेलच्या हॉलमध्ये (तेही नाव नको) गेलो होतो, गायक उत्तम, हार्मोनियम उत्तम, एसी मात्र असा की शेजारच्या काकूंनी पदर डोक्यावरून घेतला. तबल्याच्या कातड्याला हे सोसत नाही. बाहेरच्या दमट हवेतून आत आणलेला तबला, एसीत कातडं सुकतं, ताणतं, सूर चढतो. दर गझलेनंतर तबलजी बिचारा हातोडी घेऊन गट्ट्यांवर ठोकठोक करतोय, कान पुडीला लावून ऐकतोय आणि तेवढ्यात निवेदक माइकवर शेर सुनावतोय, प्रायोजकांचे आभार मानतोय. अहो त्याला दोन मिनिटं शांतता द्या ना! चौथ्या वेळेला तबलजीने नुसतं निवेदकाकडे बघितलं. काही बोलला नाही, बघितलं फक्त. ती नजर म्हणजे त्या रात्रीतला सगळ्यात प्रामाणिक शेर होता माझ्या मते. तिकीट ४९९. असले आकडे इतके का दिसतात याचं एक कारण असं की कार्यक्रमाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. ॲपवाल्यांची कन्व्हिनियन्स फी मात्र सगळ्यालाच लागते, आणि खिडकीवर जाऊन घेतलं तर वाचते, जर खिडकी असली तर.

बरं आता चांगलं सांगतो, नाहीतर वाटेल हा माणूस रडायलाच जातो.

जुहूचं पृथ्वी थिएटर. १९७८ पासून आहे, दोनशेच्या आसपास खुर्च्या, त्याही तीन बाजूंनी, मध्ये खाली रंगमंच, म्हणजे वाचणारा माणूस तुमच्यापासून फार तर दहा-बारा हातांवर. सीट नंबर नाही, आधी येईल तो बसेल, म्हणून रांग लागते आणि उशीर झाला तर आत सोडत नाहीत, कितीही गयावया करा. मला हा नियम एकदा लागू झालाय, पार्ल्याला रिक्षा मिळेना, चार मिनिटं उशीर, बाहेर कॅफेत सुलेमानी चहा पीत बसलो दीड तास. तेव्हा शिव्या दिल्या. पण पुढच्या वेळी आत बसलो होतो आणि एका बाईंनी कागदावरून कविता वाचली, पान उलटलं, आणि त्या पान उलटण्याचा आवाज मला चौथ्या रांगेत आला. कागदाचा! तेव्हा कळलं की दार का बंद करतात. इथे नाटकं जास्त असतात, कविता आणि गाणं अधूनमधून, त्यामुळे महिन्याचं वेळापत्रक बघत राहावं लागतं. नोव्हेंबरात त्यांचा स्वतःचा फेस्टिव्हल असतो, तेव्हा तर बघाच.

एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. नरिमन पॉइंटच्या टोकाला, तिथे जायचं म्हटलं की ठाण्याच्या माणसाला पिकनिक वाटते, पण आता मेट्रो ३ विधानभवनापर्यंत येते त्यामुळे जायची सोय बरी झालीय. यायची नाही, कारण कार्यक्रम लांबला की मेट्रो गेलेली असते. तिथलं टाटा थिएटर हे मी सगळ्यांना एकदा तरी बघा म्हणून सांगतो. १९८० साली सुरू झालं, आर्किटेक्ट फिलिप जॉन्सन, आवाजाचं काम सिरिल हॅरिसचं, हजारभर लोक बसतात आणि तरी माइकशिवाय ऐकू यावं असा विचार करून बांधलंय. मी मुद्दाम मागचं स्वस्त तिकीट काढलं होतं परीक्षा घ्यायला. तानपुरा लावायला घेतला तेव्हाच मला कळलं की पैसे वसूल. अर्थात उलटही होतं, पाचव्या रांगेतल्या काकांचा खोकला आणि त्यांनी गोळीचा कागद हळूहळू, अगदी सावकाश, आवाज होऊ नये म्हणून दोन मिनिटं घेऊन सोडला तोही पूर्ण हॉलने ऐकला. काका, एकदम टर्रकन फाडा, एकदाच काय ते होऊ दे. त्याच आवारात एक्स्परिमेंटल थिएटर आहे, काळी खोली, खुर्च्या हलवता येतात, कवितेसाठी मला ती मोठ्या हॉलपेक्षा जास्त आवडते.

ऑपेरा हाउसला मी एकदाच गेलोय. १९११ चं बांधकाम, १९९३ ला बंद पडलं आणि २०१६ ला दुरुस्त होऊन परत उघडलं, आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं छताकडेच बघत बसतो माणूस. गाण्याला मस्त. कविता तिथे ऐकलेली नाही.

आपली मराठी नाट्यगृहं, दीनानाथ, शिवाजी मंदिर, यशवंत, आमचं गडकरी, यांना या "लाइव्ह नाइट"वाल्या याद्यांमध्ये कुणी घेतच नाही आणि मला त्याचा रागच येतो. तिसरी घंटा वाजते, दिवे जातात, लोक गप्प बसतात. बस, एवढंच तर पाहिजे असतं. कविता आणि गाणी असा मिळून कार्यक्रम असतो, तिकीट तीनशे-चारशे, मध्यंतरात बटाटेवडा, आणि म्हातारी माणसं जास्त असल्यामुळे मोबाइल कमी निघतात, निघाले तर मात्र रिंगटोन पूर्ण वाजते कारण पर्समध्ये सापडत नाही. त्रुटी अशी की निवेदन फार. फारच. एका कवितेआधी सहा मिनिटं तिची पार्श्वभूमी सांगायची, मग कविता दोन मिनिटं, मग तिच्यावर बेतलेलं गाणं, मग पुन्हा "रसिकहो". आणि नवीन कवी जवळजवळ नाहीतच, तेच तेच पंधरा-वीस ठरलेले. तो गिरणीवाला पोरगा इथे पाहिजे, पण त्याला इथे कोण बोलावणार आणि इथल्या लोकांना तो कॅफेत असतो हे कोण सांगणार.

आणि शेवटी घरच्या बैठकी. हा प्रकार गेल्या काही वर्षांत वाढलाय. कुणाचा तरी हॉल, फर्निचर भिंतीला लावलेलं, सतरंज्या, चपला बाहेर, पंचवीस-तीस माणसं, पत्ता त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर येतो. ऑक्टोबरमध्ये मी दादरला अशा एकीला गेलो होतो, पहिल्या मजल्यावरचं जुनं घर. सरोद आणि कविता आलटून पालटून. माइक नाही. सुरू करायच्या आधी यजमान काकू म्हणाल्या, "पंखा आवाज करतो, बंद करू का?" आणि सगळे हो म्हणाले. ऑक्टोबरमध्ये. दादरला. पंखा बंद. पंधरा मिनिटांत सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटलेले, सरोदवाल्याच्या हनुवटीवरून घाम टपटप, तो प्रत्येक तुकड्यानंतर तारा पुसतोय, खालून कुल्फीवाल्याची घंटा येऊन गेली, आणि एकही माणूस हलला नाही. कवितेच्या ओळीनंतर वाचणारा थांबला की ती शांतता भरलेली असायची, काही पडल्यासारखी. मला त्यातल्या दोन कविता अजून जवळजवळ जशाच्या तशा आठवतात आणि मी पाठांतरात शाळेपासून ढ आहे. पाचपैकी पाच, फक्त मांडी घालून अडीच तास बसायची तयारी ठेवा, खुर्ची मागितली तर देतात पण मग सगळे वळून बघतात. अशा बैठकींची माहिती जाहिरातीतून मिळत नाही, एकदा एका ठिकाणी गेलात की तिथल्या यादीत नाव टाकून या.

तर या सीझनचं माझं गणित. कविता असेल तर बैठक, पृथ्वी, एक्स्परिमेंटल किंवा नाट्यगृह, या क्रमाने. गाणं असेल तर शास्त्रीयला टाटा थिएटर, बँडला बार चालेल पण स्पीकरच्या रेषेत बसू नका, थोडं बाजूला. काळा घोडा फेस्टिव्हल १९९९ पासून होतोय, जानेवारीचा शेवट-फेब्रुवारीची सुरुवात, नऊ दिवस, फुकट, आणि फुकट असल्यामुळे शनिवार-रविवारी गर्दी अशी की कवितेच्या जागेपर्यंत पोचेस्तोवर कवी घरी गेलेला असतो, म्हणून सरळ मंगळवार-बुधवार गाठा. ब्लूज आवडत असेल तर फेब्रुवारीत मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल होत आलाय, तिकीट महाग वाटेल, पण तिथे आवाजाला नावं ठेवायला जागा सापडली नाही मला, आणि मी शोधत होतो.

परत यायचं आधी ठरवा. हे लोक रिव्ह्यूत लिहीत नाहीत पण निम्म्या रात्री याच्यामुळेच फुकट जातात, शेवटच्या गाण्याला अर्धा हॉल घड्याळ बघत असतो. मागच्या महिन्यात एका क्लबमधून धावत सुटून दादरहून शेवटच्या गाड्यांपैकी एक स्लो पकडली, डबा रिकामाच, आणि दारात बघतो तर त्याच रात्रीचा गिटारवाला, पाठीवर गिटार, हातात वडापाव. मी म्हटलं, मस्त झालं हां. तो थँक्यू वगैरे काही म्हणाला नाही, तोंडातला घास गिळून पहिलं विचारलं, "तुम्ही कुठे बसलेलात? मागे आवाज येत होता का?" मी म्हटलं गिटार येत होती, शब्द नव्हते येत. "वाटलंच मला," तो म्हणाला, "माझ्यासमोरचा मॉनिटर स्पीकर बंद होता, मलाच माझं ऐकू येत नव्हतं." मग घाटकोपर आलं आणि तो गिटार दारात अडकू नये म्हणून तिरका होऊन उतरला.